वर्षातून एकदाच

शनिवारच्या सकाळी पुष्कर गिरडकर साडेसहाला उठला. त्याची बायको केतकी झोपली होती, म्हणून त्याने स्वयंपाकघराचे दार अलगद लोटून घेतले, चहाचे आधण ठेवले आणि त्यात आले किसले. खाली माँट्रियलच्या रस्त्यावर बर्फाचे दिवस यायला अजून अवकाश होता. सप्टेंबरमधली झाडे नुकती पिवळी पडू लागली होती. चहा गाळून तो खिडकीशी बसला. दूध उतू गेल्याचा जुना डाग शेगडीवर दिसला, तो त्याने फडक्याने पुसला. साडेसात वाजले तेव्हा हिंगणघाटला संध्याकाळचे पाच झाले होते. त्याने आईला फोन लावला.

आईबरोबरचा दर शनिवारचा हा फोन एकाच विषयाने सुरू होई. शैलजा गिरडकर यांनी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला होता. निवृत्तीनंतर त्या रोज सकाळी नऊला गावच्या वाचनालयात जात आणि दारातल्या काळ्या फळ्यावर चार-पाच ओळींची माहिती लिहीत. कधी ज्वालामुखी, कधी ध्रुवीय वारे, तर कधी गावातल्याच वणा नदीचा उगम. गावात त्यांना कुणी नावाने ओळखत नसे. त्या ‘बाई’ होत्या, आणि फळ्यावर बाईंनी लिहिले म्हणजे ते खरे, असा गावाचा हिशेब होता.

“फळ्यावर आज काय लिहिलंस?” पुष्करने विचारले.

“आज नाही लिहिलं.”

“बरं नाही का तुला?”

“मला काय धाड भरलीय! पुष्कर, झाडेभाऊ गेले रे. मंगळवारी.”

पुष्करने कप खाली ठेवला. प्रभाकर झाडे म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. वडील गेल्यापासून आईचा गॅस सिलिंडर आणणे, दवाखान्यात नेणे, मोटर बिघडली की माणूस बोलावणे ही सगळी कामे झाडेकाका करत. आपण करायची कामे ते करतात हे पुष्करला ठाऊक होते, आणि त्याबद्दल दर भेटीत तो त्यांना एक चांगला शर्ट देत असे.

“चेतन पोचला ना वेळेवर?”

चेतन हा झाडेकाका आणि पुष्पाकाकूंचा एकुलता मुलगा, पुष्करचा वर्गमित्र. तो टोरंटोत असे.

“नाही पोचला. साध्या विमानानं निघाला तो. एप्रिलात भाऊंच्या ऑपरेशनला झेपनं येऊन गेला होता ना. पुष्पा त्याला फोनवर रडून म्हणाली, झेपनं नको येऊस, बाईंनी फळ्यावर लिहिलंय, वर्षातून एकदाच. बाप तर चाललाच आहे, तुझ्या जिवाला काही झालं तर मी काय करू? तो दोह्याला पोचला आणि इकडे भाऊ गेले.”

पुष्करने फडके उचलले आणि पुसलेली शेगडी पुन्हा पुसली.

“आता तो म्हणतो, असा नियमच नाहीये. कंपनीला विचारलं म्हणे त्यानं. म्हणून मी तुला विचारते. तू मला तेव्हा नक्की काय सांगितलं होतंस? ते विमानातल्या कर्मचाऱ्यांपुरतं होतं का? मी सगळ्यांसाठी म्हणून ऐकलं का?”

तिने प्रश्न विचारला आणि उत्तरही स्वतःच पुढे केले. आयुष्यभर मुलांना परीक्षेत असेच सावरून घेतलेल्या बाईंचा तो आवाज होता. पुष्करला फक्त ते उचलायचे होते.

“हो… कर्मचाऱ्यांना मर्यादा असते, आई. तुझी गल्लत झाली असेल.”

“हं. मग माझीच चूक.” ती म्हणाली. “पुष्पाला मी तसंच सांगितलं. वय झालं आता, एक ऐकते आणि एक लिहिते.”

पुष्करने फोन ठेवला. चहावर साय धरली.

•

त्या विमानाचे कागदोपत्री नाव लांबलचक होते. आपल्याकडे लोक त्याला ‘झेप’ म्हणत. तळ्याच्या पाण्यावर चपटा दगड तिरपा भिरकावला, तर तो बुडण्याआधी टप्पे घेत जातो. त्यामागचे तत्त्व तेच होते. द्रवरूप हायड्रोजन जाळणारी इंजिने विमानाला साठ किलोमीटर उंचीवर नेत आणि बंद होत. मग ते विमान विरळ हवेच्या वरच्या थरावर आपटे, उसळे, पुन्हा उतरे, पुन्हा उसळे. ध्वनीच्या सातपट वेगाने असे काही टप्पे घेतले की पृथ्वीचा तिसरा हिस्सा मागे पडे.

नागपूर ते माँट्रियल हे अंतर सुमारे बारा हजार शंभर किलोमीटर भरते. पुष्करने ते पहिल्यांदा मोजले ते दहाव्या वर्षी, आईच्या पृथ्वीगोलावर, दोऱ्याने. भिंतीवरच्या नकाशात त्याने नागपूरपासून पश्चिमेला, अरबस्तानावरून, अटलांटिकवरून सरळ रेघ मारली होती. आईने गोलावर दोरा ताणून धरला, तेव्हा तो पामीर ओलांडून रशियाच्या उत्तरेकडे सरकला, नॉर्वेच्या टोकाजवळून वळला आणि ग्रीनलंडच्या बर्फावरून कॅनडात उतरला. “नकाशा सपाट आहे, पृथ्वी नाही,” आई म्हणाली होती. “जवळची वाट पाहायची, तर गोलावर पाहायची.” झेप त्याच दोऱ्यावरून उडे. पूर्वी दोन ठिकाणी थांबत, पुरा दिवस खाऊन होणारा प्रवास आता एक तास पन्नास मिनिटांत होई.

पुष्कर त्या विमानकंपनीत प्रवाशांना मिळणाऱ्या किरणोत्सर्गाची मात्रा मोजणाऱ्या विभागात होता. अवकाशातून येणारे सूक्ष्म कण आपल्या डोक्यावरचे हवेचे जाड पांघरूण अडवते. उंच जावे तसे पांघरूण पातळ होते आणि शरीराला बसणारा मारा वाढतो. लोकांची भीती एवढ्यावरच थांबे. खरा हिशेब मात्र उंचीला वेळेने गुणून करायचा असतो. जुन्या विमानात माणूस कमी माऱ्यात तासन्‌तास बसे. झेपमध्ये अधिक माऱ्यात, पण जेमतेम दोन तास. गुणाकार केला, तर झेपमधली मात्रा जुन्या प्रवासाच्या निम्म्याहूनही कमी येई. मर्यादा होती ती रोज उडणाऱ्या कर्मचाऱ्यांना. प्रवाशाने महिन्यातून चारदा ये-जा केली, तरी काही बिघडणार नव्हते. हे जगात मोजक्या माणसांना अगदी नेमके ठाऊक होते, आणि त्यांपैकी एक पुष्कर होता.

दोन वर्षांपूर्वी नागपूरची सेवा सुरू झाली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तो गावी गेला होता. झाडेकाकांनी पेढे वाटले. आईने फळ्यावर दोऱ्याची वाट काढून दाखवली. निघताना तिने सहज म्हटले, “आता काय, नागपूरहून पुण्याला जायलाही याहून जास्त वेळ लागतो. महिन्याला एक शनिवार येत जा.”

तो महिन्याला आला नाही. सहा महिन्यांनी एकदा आला. कर्मचारी म्हणून त्याला तिकीट जवळपास फुकट पडे. घरात भांडण नव्हते, आईचा काही जाच नव्हता. त्याला शनिवारी उशिरापर्यंत वाचत पडायला आवडे, आणि गावी गेले की प्रत्येक घरी चहा प्यावा लागे. कारण म्हणून सांगायचे तर एवढेच. पूर्वी ‘फार लांब आहे’ म्हटले की दोन्हीकडची माणसे समजून घेत. त्या तीन शब्दांनी त्याच्या पंधरा वर्षांची लाज राखली होती. ते शब्द नाहीसे करायला आपण स्वतःच हातभार लावला, हे त्याच्या उशिरा ध्यानात आले.

गेल्या दिवाळीत आई फोनवर म्हणाली, “नरकचतुर्दशीला दोन तास येऊन जा. ओवाळून घे आणि परत जा.” तेव्हा तो म्हणाला, “आई, ते दिसतं तितकं सोपं नाही. वरचा किरणोत्सर्ग फार असतो. शरीराला वर्षातून एकदाच झेपतं ते.”

“अगं बाई! आणि हे कुणी सांगत कसं नाही?”

“कंपन्या कुठं सांगतात!”

एवढे बोलून तो मोकळा झाला. आईने मात्र माहिती मिळाली की ती स्वतःपाशी कधी ठेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ती फळ्यावर गेली.

•

सोमवारी रात्री चेतनचा फोन आला. तो तेरवीपर्यंत गावीच होता.

“तुला एक सांगायला फोन केला,” चेतन म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. “बाईंवर माझा राग नाही. आईवरही नाही. म्हातारं माणूस, गल्लत होते. पण तू त्यांच्याकडे लक्ष दे बाबा.”

“म्हणजे?”

“घराबाहेर पडत नाहीत. वाचनालयवाल्यांनी फळ्याचं काम दुसऱ्या मास्तरांना द्यायचं ठरवलंय. काल चार बायका बसल्या होत्या आमच्याकडे, त्यातली एक बाईंच्या तोंडावर म्हणाली, बाई, डोक्याचा फोटो काढून घ्या एकदा. आणि बाई ‘हो, काढते’ म्हणाल्या. पुष्कर, आपल्या बाई! सगळ्या देशांच्या राजधान्या म्हणून दाखवायच्या.”

पुष्कर खिडकीपाशी गेला. तो म्हणाला, “तू आधी कुणाला विचारलं नाहीस? नियमाचं?”

“विचारलं की. फोनला विचारलं, तो म्हणाला, मर्यादा नाही. आईला तसं सांगितलं. ती म्हणते, फोनले काय समजते, आपला पुष्कर तिथं नोकरीले आहे.” चेतन कोरडे हसला. “आणि खरं सांगू, मलाही वाटलं, आतली गोष्ट असेल. कंपन्या कुठं सांगतात सगळं.”

स्वतःचे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना पुष्करच्या कानशिलांना ऊब जाणवली. लहानपणी वर्गात चोरी पकडली गेली की येई तशी. इथे मात्र कुणी पकडले नव्हते, आणि पकडणारही नव्हते. आईने त्याच्या सुटकेची वाट स्वतःच्या डोक्यावरून काढून दिली होती.

केतकी दारात उभी होती. तिने अर्धे ऐकले, उरलेले त्याने सांगितले. दिवाळीतला तो फोन तिच्यासमोरच झाला होता.

“मला तेव्हाच वाटलं होतं, बोलावं,” ती म्हणाली. “मग म्हटलं, मायलेकांचं आहे. मीही गप्पच राहिले की.”

“मी आईला फोन करून सांगतो.”

“फोनवर?” केतकी म्हणाली. “फोनवर तर तू खोटं बोलतोस.”

ते तिने टोचून म्हटले नव्हते. म्हणूनच अधिक लागले. पुष्करने रजेचा अर्ज केला आणि मंगळवारच्या रात्रीच्या झेपमध्ये जागा घेतली.

•

विमानात खिडक्या नव्हत्या. समोरच्या पडद्यावर गोल पृथ्वी होती आणि तिच्यावर दोरा ताणावा तशी एक पांढरी रेघ. पहिल्या टप्प्याला पोट हलके झाले, शेजारचा माणूस डोळे मिटून काहीतरी पुटपुटू लागला, आणि ग्रीनलंड मागे पडले. काय बोलायचे ते मनात जुळवायला पुष्करला चोवीस तास हवे होते. एक तास पन्नास मिनिटांत त्याला जेमतेम पहिले वाक्य सापडले, आणि नागपूर आले. बुधवारची सकाळ होती. धावपट्टीबाहेरच्या गवतावर ऊन पडले होते.

हिंगणघाटला पोचायला टॅक्सीला सव्वा तास लागला. आईने दार उघडले. ती वाळल्यासारखी दिसत होती. केस विंचरलेले नव्हते. त्याला पाहून ती आनंदली नाही, घाबरली.

“तू कसा आलास?”

“झेपनं.”

“अरे, फेब्रुवारीत येऊन गेलास ना!” तिने त्याचा दंड धरला, कपाळाला हात लावला. “वर्ष कुठं झालं? नियम नाही म्हणतात, पण मला आता काहीच खात्रीनं आठवत नाही रे. बस आधी. गरगरतंय का तुला?”

जुळवलेले वाक्य पुष्कर विसरला. उंबऱ्यातच उभा राहून तो म्हणाला, “आई, तू बरोबर ऐकलं होतंस.”

“काय?”

“दिवाळीत. मी ‘वर्षातून एकदाच’ म्हणालो होतो. सगळ्यांसाठीच म्हणालो होतो. खोटं होतं ते. शनिवारी तू विचारलंस, तेव्हाही खोटंच बोललो.”

आई हळूच खुर्चीवर टेकली. तिच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून तो थांबला होता. आधी आला तो सुटकेचा श्वास.

“म्हणजे मी नीट ऐकलं होतं,” ती म्हणाली. “डोकं ठीक आहे माझं.”

“हो.”

“रोज रात्री मी नद्या म्हणून पाहत होते. गोदावरीच्या उपनद्या. चुकत नव्हते एकही. मग हेच कसं चुकलं, तेवढं कळत नव्हतं.” राग त्यानंतर आला, आणि तिच्या आवाजाची पट्टी वर्गातली झाली. “यायचं नव्हतं, तर नको यायचंस. शास्त्राचं नाव कशाला घेतलंस? ते मी आयुष्यभर मुलांना शिकवलं.”

पुष्करने बॅग उंबऱ्याच्या आत ठेवली.

“झाड्यांकडे जा असं मी सांगणार नाही,” ती उठत म्हणाली. “तू काही चौथीतला पोर नाहीस.”

•

झाड्यांच्या बैठकीतला सोफा भिंतीला सरकवून सतरंजी अंथरली होती. चेतन मुंडण केलेल्या डोक्याने भिंतीशी बसला होता. पुष्पाकाकूंनी पुष्करला पाहताच डोळ्यांना पदर लावला.

“आला का बापा. काका लय आठवण काढत होते तुही. पुष्करनं देलेला शर्टच घालून द्या म्हणे दवाखान्यात जाताना.”

पुष्कर सतरंजीवर बसला. त्याने सांगितले. आईसमोर बोललेलीच वाक्ये होती, पण इथे ती अधिक लहान झाली. कारणांचा एकही शब्द त्याला जोडता आला नाही.

काकूंनी पदर खाली घेतला. “काऊन गा? काऊन खोटं बोलला?”

“सारखं सारखं यायचं नव्हतं, काकू.”

“मंग तसं म्हणाचं ना बापा,” त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नुसते नवल होते. “माय का मारणार होती तुले?”

चेतन उठला आणि आत गेला. आतून भांडे ठेवल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्याने पाण्याचा पेला पुष्करसमोर ठेवला, कारण मयताच्या घरी आलेल्याला पाणी द्यायचे असते. मग म्हणाला, “दोन दिवस बाबा दाराकडे बघत होते. पाणी पी आणि जा.”

पुष्कर पाणी प्यायला आणि उठला.

•

वाचनालय उघडले होते. शिपाई नामदेवने नुकताच फळा ओल्या फडक्याने पुसला होता. तो कडेने वाळत होता. नवीन मास्तर सोमवारपासून येणार होते, तोवर फळा रिकामा. पुष्करने खडू मागितला. नामदेवने त्याला ओळखले आणि डबीच पुढे केली.

त्याचे अक्षर आईसारखे नव्हते, ओळी खाली उतरत होत्या. त्याने लिहिले:

“गेल्या दिवाळीत या फळ्यावर झेप विमानाने वर्षातून एकदाच प्रवास करावा असे लिहिले होते. ते खोटे होते. गिरडकर बाईंच्या ऐकण्यात किंवा लिहिण्यात काहीही चूक झाली नव्हती. ती खोटी माहिती त्यांना मी दिली. प्रवाशांना अशी मर्यादा नाही. जुन्या विमानापेक्षा या विमानात किरणोत्सर्ग कमी मिळतो. याच माहितीमुळे चेतन झाडे याची वडिलांशी शेवटची भेट हुकली. — पुष्कर गिरडकर.”

पेपर वाचणारे दोघे-तिघे दारात आले. एकाने मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीला आवाज खाली आणला. पुष्करने हातावरची भुकटी झटकली. त्याला तिथून निघून जावेसे वाटले. तो वाचून होईपर्यंत उभा राहिला.

“नामदेवभाऊ, हे दोन-चार दिवस राहू द्याल?”

नामदेवने मान हलवली. “फळा रोज पुसाचा असते भाऊ. बाईचाच नियम हाय. शिळी माहिती ठेवाची नाही म्हणते त्या.”

परतीचे तिकीट गुरुवारचे होते. पुष्करने ते बदलून घेतले. गुरुवारी सकाळी नऊला तो पुन्हा वाचनालयात गेला, तेव्हा फळा पुसून वाळत ठेवलेला होता. त्याने तोच मजकूर पहिल्यापासून लिहिला. शुक्रवारी लिहिला. त्या दिवशी शाळेची मुले दारात थांबून वाचत होती आणि त्याच्याकडे वळून पाहत होती. घरी आई त्याच्याशी जेवणापुरते बोले. शनिवारी तो वाचनालयाकडे निघाला, तेव्हा तिने कपाटातून लांब खडूंचा आपला खोका काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “तुकड्यानं ओळ वाकडी जाते.” एवढेच.

रविवारी तेरवी होती. झाड्यांच्या अंगणात मांडव पडला होता, पंगतीची भांडी निघाली होती. पुष्कर त्याआधी वाचनालयात गेला. यावेळी त्याने अक्षर बारीक काढले आणि सगळा मजकूर फळ्याच्या वरच्या अर्ध्यात बसवला. ओळी बऱ्यापैकी सरळ आल्या. खाली आपले नाव लिहिले, त्याखाली एक आडवी रेघ ओढली आणि खालचा अर्धा भाग आईच्या चार-पाच ओळींसाठी रिकामा ठेवला. खोक्यातला एक अखंड खडू त्याने फळ्याच्या चौकटीवर ठेवला आणि पंगतीत वाढायला हात कमी पडू नयेत म्हणून तो झाड्यांच्या घराकडे चालू लागला.